स्थान आणि मूल्य : इंग्रजी व्यंजनांच्या वर्गीकरणाचे पानिपतवरून केलेले एक वाचन

१

'पानिपत' हा शब्द कानावर पडताच मराठी वाचकाच्या मनात इतिहास जागा होतो. १४ जानेवारी १७६१ च्या संहारानंतर हे गावाचे नाव मराठीत जवळजवळ सामान्यनाम बनले. निवडणुकीत, व्यापारात, परीक्षेत कोणाचेही 'पानिपत' होऊ शकते. प्रस्तुत निबंधात मात्र या शब्दाकडे प्रथम ध्वनींची मालिका म्हणून पाहावयाचे आहे. प, न, प आणि त ही चार व्यंजने या नावात आहेत. मराठी उच्चारात पहिले व तिसरे ओष्ठ्य, दुसरे दंतमूलाजवळचे व चौथे दंत्य आहे. हेच नाव रोमन लिपीत लिहिले की न आणि ण, त आणि ट यांतील भेद लिपीतून नाहीसा होतो. आणि इंग्लंडमधील वाचक ते वाचतो तेव्हा अंत्य व्यंजन ना आपल्या त-काराच्या जागी उच्चारले जाते, ना ट-काराच्या. ते दोहोंच्या मधोमध कोठेतरी पडते.

हे 'मधोमध कोठेतरी' म्हणजे नेमके कोठे, याचे उत्तर ध्वनिशास्त्राने फार पूर्वी दिलेले आहे. इंग्रजी व्यंजनांचा उच्चारस्थानांनुसार मांडलेला तक्ता महाविद्यालयीन विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी पाठ करावा लागतो. तो तक्ता येथे पुन्हा शिकवावयाचा नाही. तो एक संहिता मानून तिचे वाचन करावे, तिची वंशावळ पाहावी, तिच्यातील नामांच्या भाषांतराचा विचार करावा आणि ती भारतीय वर्गखोलीत येते तेव्हा तिचा अर्थ काय होतो हे तपासावे, एवढाच हेतू आहे. प्रतिपाद्य असे : उच्चारस्थान ही शरीरातील जागा असली, तरी भाषेत तिला मूल्य प्राप्त होते ते शेजारच्या ध्वनीशी असलेल्या विरोधामुळे. तक्ता जागा सांगतो, मूल्य सांगत नाही. आणि हा भेद विसरल्यामुळे जे दोष नाहीत त्यांस आपण दोष म्हणतो व जे खरे नुकसान आहे त्याकडे दुर्लक्ष करतो.

२

प्रथम तक्ता. ध्वनिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी आधारभूत मानलेल्या ब्रिटिश प्रमाण उच्चारात २४ व्यंजने आहेत. 'पेन', 'बेल', 'मॅन' व 'वेट' (वाट पाहणे या अर्थी) यांतील आद्य ध्वनी दोन्ही ओठांचे आहेत. यांपैकी शेवटच्यात जिभेचा मागील भागही मृदुतालूकडे उचलला जातो, म्हणजे त्यास एकाच वेळी दोन स्थाने आहेत. 'फॅन' आणि 'व्हॅन' यांतील आद्य व्यंजने दंतौष्ठ्य आहेत. 'थिन' आणि 'देन' यांतील दोन घर्षक दंत्य आहेत. 'टिन', 'डेन', 'नेट', 'लेट', 'सेट' आणि 'झू' यांतील सहा आद्य व्यंजने वर्त्स्य, म्हणजे वरच्या दातांमागील हिरडीच्या उंचवट्यावरची आहेत. 'रेड' मधील र त्याच्या किंचित मागे, तर 'शिप', 'चेअर', 'जॅम' यांतील आद्य आणि 'मेझर' मधील मध्य व्यंजन वर्त्स व तालू यांच्या सीमेवर उच्चारले जाते. 'यस' मधील य तालव्य आहे. क, ग आणि 'सिंग' मधील अनुनासिक ही मृदुतालव्य, आणि 'हॅट' मधील ह कंठद्वारीय आहे.

या तक्त्यातील सर्वांत दाट वस्ती वर्त्सावर आहे, ही गोष्ट भारतीय वाचकाने ध्यानात घ्यावयास हवी. मराठीत न, ल, स यांचा उच्चार वर्त्साच्या आसपास होत असला, तरी ट-ड किंवा त-द यांसारखी स्पर्श व्यंजने तेथे नाहीत. आपली एक ओळ दातांवर आहे, दुसरी वर्त्साच्या मागे मूर्धेकडे. इंग्रजीच्या दोन अतिशय वापरातल्या स्पर्श व्यंजनांची जागा आपल्याकडे रिकामी आहे.

आता वंशावळ. व्यंजनांची विभागणी उच्चारावयवांनुसार करावी हा विचार इंग्लंडला सर्वस्वी परका होता असे म्हणणे अनैतिहासिक ठरेल. जॉन वॉलिस याने १६५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या लॅटिन भाषेतील इंग्रजी व्याकरणात ओष्ठ्य, तालव्य व कंठ्य असे तीन वर्ग कल्पिलेले आहेत. परंतु या तीन वर्गांत दंत, वर्त्स, तालू यांचे सूक्ष्म भेद मावत नव्हते. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संशोधनपत्रिकेच्या १७८८ च्या पहिल्याच खंडात विल्यम जोन्स याने आशियाई शब्दांच्या रोमन लेखनाविषयी जो निबंध लिहिला, त्यात देवनागरीचा क्रम इतर कोणत्याही वर्णमालेहून अधिक स्वाभाविक असल्याचा अभिप्राय आहे. एकोणिसाव्या शतकात प्रातिशाख्ये युरोपीय व अमेरिकन विद्वानांनी संपादित केली. विल्यम ड्वाइट व्हिटनी याचे अथर्ववेद प्रातिशाख्य १८६२ मध्ये व तैत्तिरीय प्रातिशाख्य १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले. स्थान आणि करण, म्हणजे जेथे स्पर्श होतो ती जागा व जो स्पर्श करतो तो अवयव, हा भेद या ग्रंथांनी सहस्रावधी वर्षांपूर्वी केलेला होता. जे. आर. फर्थ यांनी इंग्रजी ध्वनिशास्त्राच्या परंपरेवर १९४६ मध्ये लिहिताना, जोन्सने परिचय करून दिलेल्या भारतीय वैयाकरणांवाचून एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी ध्वनिशास्त्राची कल्पना करणे कठीण असल्याचे मान्य केले आहे. फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पानिपत तेव्हा त्याच पंजाब प्रांतात होते.

तात्पर्य, आजचा भारतीय विद्यार्थी परकीय म्हणून जो तक्ता पाठ करतो, त्याच्या उभारणीत त्याच्याच बाराखडीच्या पूर्वजांचा हातभार आहे. दोघांच्या क्रमात मात्र एक विलक्षण भेद दिसतो. आपली वर्णमाला कंठापासून ओठांकडे येते, श्वासाच्या दिशेने. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा आजचा तक्ता ओठांपासून कंठाकडे जातो.

३

वंशावळ मान्य केली की भाषांतराचा प्रश्न उभा राहतो. आणि तौलनिक साहित्याच्या अभ्यासकास तो अधिक जवळचा वाटावा. संस्कृतातील 'मूर्धन्य' ही संज्ञा इंग्रजीत गेली तेव्हा मूर्धा म्हणजे मस्तक या अर्थावरून तिचे भाषांतर 'सेरेब्रल', म्हणजे मेंदूशी संबंधित, असे करण्यात आले. ट-वर्गाचा मेंदूशी काय संबंध, हे त्या संज्ञेवरून कोणासही कळणे शक्य नव्हते. व्हिटनीने आपल्या संस्कृत व्याकरणात 'लिंग्वल', म्हणजे जिह्व्य, ही संज्ञा पसंत केली. पण जीभ तर बहुतेक सर्वच व्यंजनांत लागते. शेवटी 'रेट्रोफ्लेक्स' ही संज्ञा रूढ झाली.

या शेवटच्या संज्ञेकडे बारकाईने पाहिले, तर तक्त्याच्या तर्कशुद्धतेत एक फट दिसते. ओष्ठ्य, दंत्य, वर्त्स्य, तालव्य ही सर्व नावे स्थानाची आहेत. 'रेट्रोफ्लेक्स' हे नाव स्थानाचे नाही. ते जिभेच्या टोकाने मागे वळण्याचे, म्हणजे करणाच्या आकाराचे आहे. स्थानांच्या रांगेत एक क्रियाविशेषण येऊन बसावे, तसा हा प्रकार आहे. प्रातिशाख्यकारांनी मात्र दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या : जिभेचे अग्र 'प्रतिवेष्टित' होते आणि ते मूर्ध्याला स्पर्श करते. त्यांच्या वर्णनातील एक अर्धा भाग आधी चुकीचा भाषांतरित झाला व मग दुसरा अर्धा भाग स्थानाच्या नावाने प्रतिष्ठित झाला. शिवाय जीभ किती वळते हेही भाषेगणिक बदलते. पीटर लॅडेफोगेड आणि पेरी भास्करराव यांनी १९८३ मध्ये दाखविले की हिंदीतील मूर्धन्य स्पर्शात जीभ द्राविड भाषांइतकी मागे वळत नाही. म्हणजे आपण ज्यास ट म्हणतो तो इंग्रजी वर्त्स्य स्पर्शापासून तक्त्यात वाटतो तितका दूर नाही.

दुसरी गोष्ट त-वर्गाची. पाणिनीय परंपरेत त-वर्गाचे स्थान दंत असे सांगितले जाते. ऋक्प्रातिशाख्य व तैत्तिरीय प्रातिशाख्य यांत मात्र ते दंतमूल असे आहे. हा मतभेद की वेगवेगळ्या काळांतील व प्रदेशांतील उच्चारांची नोंद, हा स्वतंत्र विषय होय. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, ज्या परंपरेला आपण निश्चल मानतो तिच्यातही दंत आणि दंतमूल यांमधील सीमारेषा एकाच जागी नव्हती. स्थान निश्चित करणे हे वाचन आहे आणि वाचनात वाचकाची भाषा उतरतेच.

४

इंग्रजी वर्त्स्य स्पर्श मराठी कानाने ट, ड असे ऐकले : टेबल, टाय, डबा नव्हे पण डॉक्टर, डिग्री. इंग्रजीच्या अध्यापनात याची गणना सामान्यतः उच्चारदोषांत केली जाते. पण हा दोष आहे की निवड, हे तपासण्यासाठी विरोधाच्या जोड्या पाहिल्या पाहिजेत. 'देन' आणि 'डेन' या इंग्रजी शब्दांत फरक फक्त आद्य व्यंजनाच्या स्थानाचा व प्रयत्नाचा आहे. दंत्य घर्षकासाठी मराठीजवळ द खेरीज जवळचा ध्वनी नाही. तो एकदा तेथे बसला की वर्त्स्य स्पर्शास द हे घर मिळू शकत नाही, कारण मग दोन शब्द एक होतील. म्हणून तो ड कडे ढकलला जातो. अघोष जोडीत असे बंधन तितके कडक नाही; 'थिन' चा ध्वनी थ आणि 'टिन' चा त असा मेळ बसू शकला असता. परंतु भाषेत ध्वनी एकेकटे चालत नाहीत, जोडीने चालतात. ड च्या मागोमाग ट आला. 'थ्री' आणि 'ट्री', 'देन' आणि 'डेन' हे सर्व भेद मराठी माणसाच्या इंग्रजीत शाबूत राहिले. जागा बदलली, एकही अर्थ हरवला नाही.

ओठांवरही हेच घडले. इंग्रजीत शब्दारंभीचा प हा महाप्राणयुक्त असतो. आपल्याकडे अल्पप्राण-महाप्राण भेद अर्थभेदक असल्याने तो आपल्याला फ ऐकू यावयास हवा होता. पण फ ची जागा 'फॅन' मधील दंतौष्ठ्याने घेतली, आणि 'पॅन' निमूटपणे प कडे गेला. लिहिलेल्या इंग्रजीचा येथे परिणाम आहेच. परंतु व्यवस्थेचा न्यायही त्याच दिशेने आहे.

याच्या उलट 'वाइन' हा मराठीत लिहिलेला शब्द पाहावा. इंग्रजीत दंतौष्ठ्य आद्य व्यंजनाचा शब्द द्राक्षवेल सांगतो, तर द्व्योष्ठ्याचा मद्य. आपला व हा दोहोंच्या मधला, दातांनी ओठाला निसटता स्पर्श करणारा ध्वनी आहे. संस्कृत परंपरेने त्याचे स्थान 'दंतोष्ठ' असे नोंदले आहे. मराठी लेखनाने 'व्ह' असे जोडाक्षर योजून हा भेद कागदावर राखण्याचा प्रयत्न केला, पण बोलताना तो वारंवार पुसला जातो. येथे अर्थ हरवतो. तक्त्याच्या भाषेत दोन्ही ठिकाणी 'स्थानाची चूक' एकच. मूल्याच्या भाषेत एक व्यवस्थेचे रक्षण आहे व दुसरी तिची हानी.

भाषांनी केलेली ही निवड यांत्रिक नाही, याचा पुरावा जुन्या उसन्या शब्दांत सापडतो. एकाच इंग्रजी शब्दापासून हिंदीत 'टिकट' झाले आणि मराठीत 'तिकीट'. मराठीने एकाच शब्दातील दोन समान इंग्रजी व्यंजनांपैकी पहिले दातांवर नेले व दुसरे मूर्धेवर. व्यवस्था पुरती बसण्यापूर्वी वर्त्स्य ध्वनी दोन्ही बाजूंना जाऊ शकत होता, याची ही साक्ष होय. तसेच 'झेब्रा' हे मराठी लेखन. मराठीत च, ज, झ यांचे तालव्य व दंततालव्य असे दोन उच्चार आहेत : 'जग' म्हणजे विश्व हा तालव्य, तर 'जग' म्हणजे जगण्याची आज्ञा हा दंततालव्य. लिपीने हा भेद नोंदलेला नाही, परंतु कानाने तो जपला आहे. त्यामुळे 'झू' चा इंग्रजी वर्त्स्य घर्षक मराठीने आपल्या दंततालव्य झ मध्ये ओळखला. हिंदीने त्यासाठी उर्दूकडून आलेला नुक्ता असलेला ज योजला, अथवा साध्या ज वर भागविले. एकच परकीय ध्वनी दोन शेजारी भाषांत दोन वेगळ्या घरांत उतरला, कारण घरांची रचनाच वेगळी होती. ना. गो. कालेलकर यांच्या 'ध्वनिविचार' या ग्रंथाने आणि अशोक केळकर यांच्या मराठी ध्वनिव्यवस्थेवरील १९५८ च्या कॉर्नेल विद्यापीठातील प्रबंधाने हा व्यवस्थेचा विचार मराठी अभ्यासकांपुढे ठेवला होता. इंग्रजीच्या बाजूने हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेत आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवरील आपला अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. कोणता उच्चार वेगळा आहे याऐवजी कोणता उच्चार समजत नाही, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला. वर्गखोलीपर्यंत मात्र हा प्रश्न फारसा पोहोचलेला नाही.

५

या प्रश्नाची धार प्रस्तुत लेखिकेस प्रथम जाणवली ती पानिपतमध्येच. दिल्लीतील अभ्यागत प्राध्यापकपदाच्या काळात तेथील एका महाविद्यालयात तौलनिक ध्वनिविचारावर दोन व्याख्याने देण्याचा योग आला. फळ्यावर तक्ता काढून झाल्यावर, तुमच्या घरच्या बोलीत असलेला पण या तक्त्यात नसलेला एखादा ध्वनी सांगा, असे विद्यार्थ्यांस विचारले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरील एका मुलीने 'काळा' हा शब्द उच्चारला, आणि लगेच, "मैडम जी, ये तो गाँव की बोली है, ग़लत है," असे म्हणून ती खाली बसली. घरी बोलताना आजही आपण 'पाणी' आणि 'पाणीपत' म्हणतो, हे तिने व्याख्यान संपल्यावर जवळ येऊन सांगितले. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत ट साठी आपले गुण कापले गेले होते, हेही तिने त्याच स्वरात सांगितले. तिच्या लेखी दोन्ही एकाच जातीच्या चुका होत्या.

ज्या ळ-काराचा मराठी माणसास अभिमान वाटतो, तो हरियाणवीत नित्याचा आहे. ही बोली बांगरू या नावाने भाषाशास्त्रास परिचित असून तिचे वर्णनात्मक व्याकरण जगदेवसिंह यांनी १९७० मध्ये कुरुक्षेत्र विद्यापीठातून प्रसिद्ध केले. प्रमाण हिंदीच्या वर्णमालेत ळ नाही. इतर भाषांच्या लेखनासाठी योजिलेल्या परिवर्धित देवनागरीत तो आहे. परिणामी पानिपतच्या मुलीस आपल्या घरातील ध्वनी इतर भाषांच्या चिन्हांत सापडतो, स्वतःच्या शालेय पुस्तकात सापडत नाही.

येथे मराठी अभ्यासकास एक मोह होण्याचा संभव आहे. पानिपत, कर्नाल, कुरुक्षेत्र या परिसरातील रोड समाजातील अनेकजण आपले नाते १७६१ च्या मराठा सैन्यातील वाचलेल्यांशी जोडतात. हा भावबंध आदराने पाहण्याजोगा आहे. परंतु तेथील ळ हा त्या सैन्याचा मागे राहिलेला अवशेष होय, असे म्हणणे ध्वनिशास्त्रास धरून होणार नाही. ळ हरियाणवीत समाजनिरपेक्ष आढळतो. तो पंजाबीत, राजस्थानीत, गुजरातीत आहे. ऋग्वेदाच्या शाकल पाठात दोन स्वरांमधील ड चा ळ होतो. समान ध्वनी म्हणजे समान वंश, हे समीकरण जितके आकर्षक तितकेच फसवे. ज्या अर्थी आपण इंग्रजी तक्त्याकडे स्थान व मूल्य यांचा भेद राखून पाहतो, त्याच अर्थी आपल्या अभिमानाच्या ध्वनीकडेही पाहणे भाग आहे.

तथापि एक साक्ष नमूद करण्याजोगी आहे. रघुनाथ यादव याची बखर 'पाणिपतची बखर' या नावाने ओळखली जाते, ण-कारयुक्त. विश्वास पाटील यांच्या १९८८ च्या कादंबरीचे नाव 'पानिपत' असे, न-कारयुक्त आहे. मधल्या काळात हिंदी, फारसी व रोमन लेखनाच्या सहवासात मराठीने या नावातील मूर्धन्य अनुनासिक सोडून दिले. जे रूप आपल्या जुन्या बखरीत होते ते त्या मुलीच्या घरात आजही बोलले जाते, आणि तिला ते चुकीचे वाटते.

६

पानिपतच्याच मातीत जन्मलेले (१८३७) आणि तेथेच निवर्तलेले (१९१४) अल्ताफ हुसेन हाली लाहोरच्या सरकारी ग्रंथ-भांडारात इंग्रजीतून उर्दूत झालेल्या भाषांतरांची भाषा सुधारण्याचे काम करीत. इंग्रजी साहित्यविचार त्यांना प्रामुख्याने भाषांतरांतूनच भेटला, आणि १८९३ मध्ये त्यांनी जो 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' लिहिला तो उर्दू समीक्षेचा आरंभग्रंथ मानला जातो. हालींना इंग्रजी विचार जसाच्या तसा समजला की नाही, असा प्रश्न विचारता येतो आणि विचारला गेलाही आहे. त्याहून फलदायी प्रश्न असा की, त्या विचाराला उर्दू काव्यशास्त्रात कोणती जागा मिळाली व कोणते जुने भेद त्यामुळे शाबूत राहिले वा पुसले गेले. तौलनिक साहित्यात प्रभावाच्या अभ्यासाकडून स्वीकाराच्या अभ्यासाकडे जे वळण आले, ते याच दुसऱ्या प्रश्नाचे वळण होय.

इंग्रजी व्यंजनांच्या बाबतीतही हेच वळण घेणे अगत्याचे आहे. तक्ता टाकून द्यावा असे येथे सुचवावयाचे नाही. विद्यार्थ्यास वर्त्स कोठे आहे हे कळलेच पाहिजे, आणि 'व्हाइन' व 'वाइन' यांतील भेद त्याने परिश्रमपूर्वक कमवावा. पण त्या तक्त्याशेजारी त्याच्या बोलीचा तक्ता मांडला गेला पाहिजे, ळ आणि ण यांसह, आणि दोहोंमधील प्रत्येक बदलाला अर्थ हरवला का, हा एकच प्रश्न विचारला गेला पाहिजे. गुण कापावयाचे असतील तर त्या उत्तरावरून कापावेत. त्या मागच्या बाकावरील मुलीचे त्या दिवशीचे दोन्ही तथाकथित दोष या कसोटीवर तपासले, तर एकातही अर्थ हरवलेला नाही. 'काळा' न उच्चारण्यात मात्र तिच्या बोलीतला एक सजीव भेद हरवत चालला आहे.